पितळी रुळांचा सेट, कडुनिंबाखाली एक वर्ष

मागच्या दिवाळीला भाऊजी जर्मनीहून आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून चॉकलेटं कमी आणि रूळ जास्त निघाले. बागेत मांडायच्या रेल्वेचा सेट होता. वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं, पण विजेवर चालणारं एक बुटकं चारचाकी इंजिन, दोन डबे, बारा वळणाचे तुकडे आणि एक ट्रान्सफॉर्मर. तिकडच्या जुन्या सामानाच्या बाजारात १८० युरोला मिळाला म्हणे, म्हणजे आपले सोळा-सतरा हजार. खोक्यावर गाडी बर्फातून धावत असल्याचं चित्र होतं. "वहिनी, हे दिवाणखान्यात मांडायचं नाही हं, परसात. ऊन-पाऊस काही होत नाही याला," असं भाऊजींनी बजावलं आणि ते आठ दिवसांत परत गेले. ऊन-पाऊस आमच्याकडे राहिला.

आता वर्ष झालं, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. सेट आधी कुणीतरी वापरलेला होता, त्यामुळे खोट कंपनीची किती आणि पहिल्या मालकाची किती हे मला सांगता यायचं नाही. शिवाय पुढे जे लिहिते आहे ते या मापाच्या बहुतेक सेटना लागू पडावं.

माप म्हणजे रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली एल.जी.बी. या नावाने या गाड्या आणल्या आणि पुढे इतरांनीही तेच माप उचललं. प्रमाण १:२२.५, म्हणजे खरी गाडी याच्या साडेबावीस पट. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गुणाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. ४५ गुणिले २२.५ म्हणजे एक मीटर आणि वर थोडं, म्हणजे ही मीटरगेजची गाडी झाली. हे मी चहा पिताना मोठ्याने बोलले आणि तिथेच सगळं बिनसलं. सासरे म्हणाले, "मग ही आपली नव्हे."

आपली म्हणजे छोटी लाइन. बाबा, म्हणजे सासरे, पोस्टात होते आणि सहा वर्षं सबलगढला बदली होती. सोमवारी पहाटे ग्वाल्हेरहून छोट्या लाइनने जायचं, शनिवारी रात्री परत. माधवराव शिंदे महाराजांच्या काळातली ही गाडी, १८९९ साली लोकांसाठी सुरू झाली आणि पुढे श्योपूरपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर गेली. रुळांतलं अंतर दोन फूट, बस्स. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती पुन्हा काही निघाली नाही, आता तिच्या जागी ब्रॉडगेज येतं आहे. बाबांच्या दृष्टीने ग्वाल्हेरात मांडायची तर तीच मांडायला हवी. रूळ बदलायचे नव्हते, म्हणून प्रमाण बदललं. ६१० मिलिमीटरला ४५ ने भागलं तर साडेतेरा येतात. म्हणजे याच रुळांवर डबे आणि माणसं १:१३.५ या मापाने केली तर ती गाडी दोन फुटी होते. पुढे कळलं की परदेशात हे माप खरोखर वापरतात. इंग्लंडात तर दोन फुटी गाडीसाठी ३२ मिलिमीटरचे रूळ आणि १:१९ प्रमाण जास्त चालतं. नवीन घेणार असाल आणि बाबांसारखं कुणी घरात असेल तर खरेदीच्या आधी हा भागाकार करा.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, एका जुन्या वाड्याचा वाटणीत आलेला तिसरा हिस्सा. मागे परस, सात मीटर बाय पाच, त्यात एक कडुनिंब आणि तुळशीवृंदावन. सेटमधल्या बारा तुकड्यांचं एक वर्तुळ होतं, १.२ मीटर व्यासाचं. तेवढ्यात गाडी फिरताना बघणं म्हणजे घाण्याचा बैल बघणं. पाच मिनिटांत धाकटी कंटाळली. म्हणून भाऊजींना सांगून सरळ रुळांचे वीस तुकडे मागवले, प्रत्येकी ३० सेंटिमीटर, सगळे मिळून शंभर युरो. ते त्यांच्या एका मित्राबरोबर आले. लष्करातल्या खेळण्यांच्या दुकानांत याला जोडेल असं काहीही मिळत नाही, मी बाड्यापर्यंत, म्हणजे मुख्य चौकापर्यंत, सगळी पालथी घातली. वीस तुकडे लावल्यावर तुळशीभोवती पावणेदहा मीटरचा लांबट फेरा झाला.

आता पाया. या सगळ्या उद्योगात जर कशावर वेळ घालवायचा असेल तर तो यावर. वीतभर रुंद, चार बोटं खोल चर खणला, तळाला तुटक्या विटांचे तुकडे आणि वर गिट्टीचा चुरा. नवऱ्याने आधी नर्सरीतले गोल गुळगुळीत खडे आणले होते, दिसायला फार छान. त्यावर रूळ ठेवला की खडे लोण्यासारखे सरकायचे. आमच्याकडे फरशीच्या कामाला येणारा मिस्त्री हसला आणि म्हणाला, "भाभी, क्रेशर की डस्ट डलवाओ, कोनेवाली." कोनेवाली म्हणजे धारदार कडांची. कडा एकमेकींत अडकतात आणि जागा सोडत नाहीत. मोठ्या रेल्वेखालीसुद्धा फोडलेली खडीच असते, नदीतले गोटे नसतात, हे आयुष्यभर डोळ्यांसमोर असून मला सुचलं नव्हतं. चारशे रुपयांचा चुरा लागला. समपातळी मिस्त्रीच्याच पाण्याच्या नळीने घेतली. चढ अजिबात ठेवला नाही, आणि तुम्हीही पहिल्या वर्षी ठेवू नका.

फलाटाला मात्र पैसे पडले नाहीत. वाड्याच्या पडलेल्या भागातले ग्वाल्हेरी दगडाचे पटिये, म्हणजे फरश्या, कोपऱ्यात पडून होते, त्यांचे तुकडे लावले. थोरल्याने पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत छोट्या लाइनवरच्या स्टेशनचं नाव लिहिलं, 'घोसीपुरा'. बाबांनी पाटी चष्म्याच्या आतून-बाहेरून बघितली आणि उंची दोन बोटं कमी करायला लावली.

डिसेंबरात गाडी धावली. खरं सांगायचं तर इंजिनाला मी पाचपैकी पाच देईन. संथ, वजनदार, आवाज दमदार. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचाच असल्याने आपल्याकडे सरळ चालतो. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आत ठेवला, बाहेर फक्त रुळांपर्यंतची कमी दाबाची तार. हे पाळाच, विशेषतः नळीने झाडांना पाणी घालणारी सासू घरात असेल तर.

पण आठवड्याभरात गाडी वृंदावनामागे पोचली की दम लागल्यासारखी मंद व्हायची. इंजिनाला वीज रुळांतून मिळते, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात ती जाते ती पत्र्याच्या छोट्या जोडपट्टीतून. बत्तीस तुकडे, बत्तीस सांधे, प्रत्येक सांध्यात थोडी धूळ. नवऱ्याने ठरवलं की सगळे सांधे सोल्डर करून टाकायचे. घरातल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने रूळ कोमटही होईना, कारण पितळ उष्णता लगेच पुढे पळवतं. मग ओळखीच्या एसी मेकॅनिककडून गॅसची टॉर्च आली. रुळांखालच्या आडव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे स्लीपरपैकी, दोन वितळले, पण सांधे पक्के झाले. वर हौसेने सरळ बाजूंना सिमेंटचा पट्टा ओतून रूळ स्क्रूने जखडले. गाडी काय सुंदर धावायला लागली! आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो आणि बाबा ओट्यावरून म्हणाले, "आवाज कुठे गेला?"

"कसला आवाज, बाबा?"

"खटखट. सांध्यावर गाडी खटखट वाजते. सांध्यात फट असते ना."

नवऱ्याने समजावलं की फट नसली की वीज नीट जाते. बाबा म्हणाले, "तुम्ही शिकलेले. पण फट कुणी उगाच ठेवत नाही."

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला. एका दुपारी थोरला आत येऊन म्हणाला, रूळ साप झालाय. खरंच झाला होता. एक सरळ बाजू मधोमध चार सेंटिमीटर बाहेर फेकली गेली होती, स्क्रू सिमेंटमधून उपटून. पितळ एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०१९ मिलिमीटर वाढतं. आम्ही डिसेंबरात पंधरा अंशांना जोडलं, उन्हात रूळ सहज पासष्टला जातो. पन्नास अंश, तीन मीटर, म्हणजे वाढ जेमतेम तीन मिलिमीटर. थोरला म्हणाला, आई, तीन मिलिमीटरने चार सेंटिमीटर बाक कसा येईल? जुलैत मी हेच गणित दहावीच्या वर्गाला घातलं. दोन्ही टोकं घट्ट धरली आणि रूळ मधोमध मोडला असं समजा. दोन काटकोन त्रिकोण होतात, पाया १५०० मिलिमीटर, कर्ण १५०१.५. पायथागोरस लावा, उंची ६७ मिलिमीटर येते. वर्गात दोन मिनिटं कुणाचा विश्वास बसला नाही. आमच्याकडे ती चारवर थांबली, कारण बाकीचा ताण वळणांनी सोसला.

बाबा काही बोलले नाहीत. ते न बोलणं पंधरा दिवस चाललं.

तर निष्कर्ष असा की सांधे मोकळे ठेवले तर धुळीने वीज जात नाही आणि जखडले तर उन्हाने रूळ वाकतो. युरोपातल्या बागेत दोन्ही थोडं थोडं चालत असेल. आमच्याकडे जानेवारीतल्या पहाटेपासून जूनमधल्या दुपारपर्यंत जो फरक पडतो आणि संध्याकाळच्या आंधीत जेवढी धूळ पडते, त्यात रुळांतून वीज हा प्रकार निभत नाही. सेटवर माझी मुख्य तक्रार हीच. खोक्यावर 'बाहेर वापरा' लिहिलंय ते खोटं नाही. प्लॅस्टिकचे स्लीपर वर्षभर उन्हात राहून तडकले नाहीत, रंग उडाला नाही, पावसात चाकं गंजली नाहीत. सामान बाहेर टिकतं. वीज टिकत नाही.

सासूबाईंचा इलाजही सांगून टाकते, कारण कुणीतरी करणारच. "पितळच ना ते? चिंच लाव की." मी शाळेतून येईपर्यंत अर्धे रूळ देवाच्या समईसारखे लखलखत होते. चार दिवसांनी जोडपट्ट्यांखाली राहिलेल्या आंबटाने हिरवा कीट धरला आणि जी काही वीज जात होती तीही बंद. पुसायचेच असतील तर भांडी घासायची हिरवी घासणी कोरडीच फिरवा. तारेची घासणी मात्र नको, तिचे तुकडे मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

शेवटी सोल्डर काढलं, सिमेंट फोडलं, रूळ नुसते चुऱ्यात बसवले आणि वीज रुळांतून देणं सोडून दिलं. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या करणाऱ्या एका कारागिराने चार लिथियम सेल ओळीत जोडून १४.८ व्होल्टची गठडी बांधून दिली, जास्त चार्ज होऊ नये म्हणून लागणाऱ्या सर्किटसकट, नऊशे रुपयांत. रिमोटचं सर्किट ८५० चं, चार्जर ३५० चा. इंजिनात चाकांकडून मोटारीला जाणाऱ्या तारा कापल्या आणि मोटार रिमोटच्या सर्किटला जोडली. बॅटरी मागच्या डब्यात. एका चार्जवर दीड-दोन तास गाडी चालते, धूळ असो, कीट असो, काही फरक पडत नाही. एवढं करा की बॅटरीचा डबा उन्हात ठेवू नका, खेळून झालं की घरात. आणि हो, खटखट परत आली. पहिल्या फेरीला बाबा ओट्यावरून उठून रुळापाशी येऊन बसले.

एकूण खर्च अठ्ठावीस हजारांच्या आसपास झाला, वाया गेलेलं सिमेंट आणि सोल्डर सोडून. हे आधी ठाऊक असतं तर ट्रान्सफॉर्मर नसलेला सेट शोधला असता. बॅटरीच वापरायची तर रूळ पितळेचे असायचीही गरज नाही, अॅल्युमिनियमचेही चालतात आणि स्वस्त पडतात.

आता डबे. जर्मन डबे बाबांनी एका दिवसात नापास केले. "याच्या छपरावर माणूस कुठे बसेल?" ज्यांनी छोटी लाइन पाहिली आहे त्यांना समजावून सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: ती गाडी आत जेवढी भरलेली असायची तेवढीच वरून. गठडी, दुधाच्या कॅन, बकरी, सगळं छपरावर. मग चाकांचे सांगाडे ठेवून वर प्लायवुडचे रुंद डबे केले. रुंदी बाबांच्या आठवणीने, रुळाच्या तिप्पट. धाकटीने शाडूची अकरा माणसं केली, पगडीवाली, घुंघटवाली, एक विडी ओढणारी. रंगवली, वाळवली, छपरावर चिकटवली. पहिल्याच वळणावर अख्खा डबा आडवा. एका माणसाचं मुंडकं अजून सापडलेलं नाही.

दोष गाडीचा नव्हता. साठ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण, ४५ मिलिमीटरचा पाया आणि वर ओली नसली तरी मातीच. वजन खाली हवं. माणसं कागदाच्या लगद्याची केली, डब्याच्या तळाला लोखंडी नटबोल्ट चिकटवले, प्रत्येकी चारशे ग्रॅम, आणि बॅटरीही आडवी तळाला बसवली. आता पडत नाही. ऑगस्टमध्ये एका माकडाने छपरावरचा एक प्रवासी पळवला. "बिनतिकीटच होता," बाबा म्हणाले.

झाडांचं थोडक्यात. रुळाजवळ मोठ्या पानांचं काही लावू नका, गाडी एकदम खेळणं दिसायला लागते. आमच्याकडे चिनी गुलाब, मरवा आणि दूर्वा आहेत. दूर्वा गणपतीला कामी येतात, पण पंधरा दिवस कापल्या नाहीत तर रूळ गिळतात. कडुनिंबाखाली मांडायची चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. सावली छान, पण जूनच्या शेवटापासून निंबोळ्या पडतात. त्या चाकाखाली चिरडतात, रुळावर चिकट गर बसतो आणि वर बी अडकून गाडी घसरते. सकाळी फुलझाडू घेऊन लाइन साफ करायची ड्यूटी धाकटीची. तिला बाबांनी गँगमनचा हुद्दा दिला आहे, आणि आठवड्याला दहा रुपये.

गणपतीत सगळी लाइन उचलून दिवाणखान्यात मखराभोवती मांडली. तासाभरात मांडून झाली. रुळाचा हा गुण मला फार आवडला, सांधे हाताने सुटतात आणि हाताने बसतात, शंभर वेळा केलं तरी सैल पडत नाहीत. आणि इथे थोरल्याने खरी करामत केली.

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जयविलास महाल दाखवावाच लागतो, आणि तिथे जेवणाच्या टेबलावरची ती चांदीची गाडी. पाहुण्यांपुढे मद्य नि सिगार घेऊन फिरायची आणि कुणी बाटली उचलली की थांबायची असं सांगतात. थोरल्याने ती चार वेळा पाहिली आहे, नाइलाजाने. त्याने मागच्या उघड्या डब्यात बशीखाली एक बारीक स्विच बसवला. बशीचं वजन असेपर्यंत स्विच दबलेला आणि बॅटरी चालू. बशी उचलली की गाडी बंद. बशीत बडीशेप आणि गजकाचे, म्हणजे तिळाच्या मिठाईचे, तुकडे. बायका-मुलं तर खूश झालीच, पण बाबांनी पहिल्या दिवशी सात वेळा बडीशेप खाल्ली.

सेटला एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण विजेचा कापला, अर्धा वर्तुळाएवढेच रूळ देऊन 'संपूर्ण सेट' म्हणण्याचा आणि अर्धा सुटे भाग इथे न मिळण्याचा. इंजिनाच्या चाकावर पकडीसाठी एक रबरी कडं असतं, ते नोव्हेंबरात तुटलं आणि अजून तिकडूनच यायचं आहे. तोवर सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं चालतंय, बरं चालतंय.

गाडी परत परसात गेली, पण बशी तशीच ठेवली आहे. संध्याकाळी ओट्यावर जो बसेल त्याच्यापुढे ती येते. फक्त शेजारच्या आत्या आल्या की बशी हातात घेऊन गप्पांत रमतात आणि खाली ठेवायला विसरतात. मग गाडी घोसीपुऱ्याच्या अलीकडे तासभर उभी असते, छपरावरच्या दहा माणसांसकट.